राखाडी घोडी परत आली होती

जनरलसाहेब,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. आमच्याकडे हे दिवस धरायची रीत आहे. तुमच्याकडे नऊ दिवस प्रार्थना असते असं तुमची भाची म्हणाली, आणि त्यांतले चार दिवस मी तिच्या घरी जाऊन बसले. शब्द कळले नाहीत. बायका माळेचे मणी ओढत एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आमच्या जपासारखंच ते होतं, म्हणून बसायला अवघड गेलं नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठीतले दोनच शब्द येत, 'चहा' आणि 'बस'; दुसरा साखर घालताना, आणि तोही सहाव्या चमच्यानंतर. पण तुमच्याशी इंग्रजीत जे बोलायचं होतं ते बोलून झालं आहे, आणि ते फारसं चांगलं झालं नाही. शिवाय पत्र तुमच्या नावाचं असलं तरी जाणार आहे नागपूरला. तिथे माझ्या लेकीची मुलं आहेत, मुक्ता आणि ओंकार, अकरा आणि नऊ वर्षांची. ती तुम्हाला 'जनरल आजोबा' म्हणतात हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सांगायचात ते युद्ध मी दर पंधरवड्याला निळ्या एरोग्रामवर, बारीक अक्षरात, त्यांना पाठवत आले. एरोग्राममध्ये जागा कमी असते, त्यामुळे शूरपणा बसतो आणि बाकीचं राहून जातं.

ओंकारचं पत्र तुम्ही गेलात त्याच आठवड्यात आलं. त्याने विचारलं आहे, "आजी, तो गद्दार इलारियो सापडला का? तू गोष्ट तिथेच थांबवलीस." वर्ष होऊन गेलं, तो अजून विचारतो आहे.

मी तिथेच थांबवली हे खरं आहे. का, ते आज लिहायचं आहे.

तुमचं कार्ड मला इथल्या ग्रंथालयाच्या फळ्यावर दिसलं होतं. 'टायपिस्ट पाहिजे. इंग्रजी चांगलं असावं. माझं नाही.' मला ते शेवटचं वाक्य आवडलं. माझ्या मुलाला, श्रीकांतला, त्यातलं काहीच आवडलं नाही.

"आई, असं कोणालाही घरी इन्व्हाइट करू नकोस. जनरल म्हणे. शॉमबर्गसारख्या अमेरिकन गावात जनरल काय करतोय?"

"रिटायर झालाय," मी म्हटलं. "मीही झालेय."

"श्री, करू दे ना आईंना," नंदिनी, माझी सून, म्हणाली. "दिवसभर एकट्या असतात त्या. फर्स्ट डेला मी हाफ डे घेते."

नंदिनी तिच्या ऑफिसातून लवकर आली आणि तुम्हाला पाहून तिची भीती गेली. तुम्ही माझ्या खांद्याइतके होतात. दाराशी चपलांची रांग पाहून न सांगता तुम्ही बूट काढलेत. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि ते लपवायचा तुम्ही काही प्रयत्न केला नाहीत. मला वाटलं, या माणसाबरोबर काम करता येईल.

मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा ते बारा, स्वयंपाकघरातलं टेबल. तुम्ही बोलायचात, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची आणि दुपारी श्रीकांतच्या कंपनीने टाकून दिलेल्या इलेक्ट्रिक टाइपरायटरवर टाइप करायची. तुमची आठवण सरळ चालत नसे. पहिल्याच दिवशी तुम्ही राजधानीत शिरलात, आणि मग मागे जात जात तुमच्या आईच्या बाळंतपणापर्यंत. म्हणून मी कार्डं करायला लागले. माणसाचं एक, गावाचं एक, तुमच्या राखाडी घोडीचंसुद्धा एक; कुठे, कधी, कोणाबरोबर. सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, अक्षरांच्या क्रमाने. तुम्ही हसायचात. मला 'प्रोफेसोरा' म्हणायचात, म्हणजे मास्तरीणबाई. "प्रोफेसोरा, तुम्ही माझ्या सैन्यात असतात तर एक काडतूस हरवलं नसतं."

एकदा तुम्ही डबा चाळलात आणि म्हणालात, "यात तुमच्या माणसाचं कार्ड नाही." मी म्हटलं, त्यांचा तुमच्या युद्धाशी काय संबंध. तुम्ही कोरं कार्ड घेतलंत, माझ्या यजमानांचं नाव विचारलंत आणि आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलंत. मग विचारलंत, कुठे, कधी, कोणाबरोबर. ते गेल्यापासून सहा वर्षांत त्यांच्याबद्दल इतकं सलग मला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तुमच्या युद्धाचं काहीच काम झालं नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. बारा वाजले होते, आणि मी भात लावायला उठले.

तुमच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे अजून तुमचे पुतणे राहतात, म्हणून तुम्ही मना केलं होतंत. आमच्या स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी तिथे एका हुकूमशहाविरुद्ध तीन सैन्यं उठली. डोंगरातलं तुमचं, समुद्रकिनाऱ्याकडचं दुसरं आणि खाणकामगारांचं तिसरं. हुकूमशहा पळाला, आणि तीन सैन्यं एकमेकांकडे बघत उरली.

मी तुम्हाला आमच्या मंडळाची गोष्ट सांगितली होती. इथल्या मराठी लोकांत भांडण होऊन दोन गणपती बसायला लागले, दोन शाळांच्या जिममध्ये, एकाच शनिवारी. तुम्ही पोट धरून हसलात. "दोनच? आमच्याकडे तीन देव होते, आणि तिघांच्या पुजाऱ्यांकडे मशिनगन."

किनाऱ्याच्या पुढाऱ्याशी तुम्ही सोयरीक जोडलीत. त्याच्या मुलीचे धर्मपिता झालात, कारण तुमच्याकडे मुलीचा बाप आणि धर्मपिता यांनी एकमेकांवर शस्त्र उचलायचं नसतं. खाणवाल्यांशी ते जमेना. त्यांचा म्होरक्या इलारियो. खाणीत सुरुंगाची भोकं पाडणारा माणूस, दारू न पिणारा, तीन वेळा वाचल्याशिवाय सही न करणारा. तुम्ही म्हणायचात, आधी राजधानी घेऊ, खाणींचं मग बघू. तो म्हणायचा, आधी लिहून द्या. त्याची नक्कल करताना तुमचा आवाज मऊ व्हायचा. तो तुम्हाला आवडत होता, हे मी घेतलेल्या टिपणांवरूनही दिसायचं. चांगली वाक्यं तुम्ही त्याच्या तोंडी घालत होतात.

शेवटी तुम्ही त्याला बोलणी करायला एका गावच्या शाळेत बोलावलंत आणि आपली घोडी पाठवलीत. ही तुमच्या डोंगरातली चाल. यजमान आपलं बसायचं जनावर शत्रूकडे पाठवतो, पाहुणा त्यावर बसून येतो, आणि त्या जनावरावर बसलेल्या माणसाला वाटेत कोणी हात लावत नाही. राखाडी घोडी सगळ्या डोंगराला माहीत होती. इलारियो तिच्यावर बसला, एकटा निघाला आणि शाळेत पोचलाच नाही. "तो माझी घोडी घेऊन सीमेपलीकडे पसार झाला," तुम्ही मला सांगितलंत, "आणि आपल्या माणसांचा विश्वासही घेऊन गेला." म्होरक्या फितूर झाला असं समजून खाणवाले फुटले आणि टोळ्याटोळ्यांनी तुमच्याकडे आले. पाच महिन्यांत राजधानी तुमची झाली.

मी ते एरोग्रामवर लिहिलं. 'गद्दार' हा शब्द माझा होता. तुम्ही इंग्रजीत इतका कडक शब्द वापरला नव्हता.

त्यानंतर संक्रांत आली, आणि मी ती चूक केली.

माझ्या बर्फातल्या बुटांची चेन तुटली होती. जोडे दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, लाँड्रीशेजारी. तिथला माणूस, तोमास, साठीचा, कमी बोलणारा. त्याच्या भिंतीवर त्याच्या देशाचं कॅलेंडर होतं, आणि ते डोंगर मला तुमच्या बोलण्यातून ओळखीचे झाले होते. मी विचारलं. तो 'हो' म्हणाला.

आम्ही मराठी माणसं परदेशात कशी वागतो ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. श्रीकांत विद्यार्थी म्हणून इथे आला तेव्हा फोनबुकात जोशी, पाटील, कुलकर्णी शोधायचा आणि फोन करायचा. 'मी मराठी बोलतोय' एवढं म्हटलं की रविवारचं जेवण ठरायचं. आपल्याकडचा माणूस भेटला, की घरी बोलवायचा. त्याला आणखी कारण लागत नाही. मी तोमासला म्हटलं, तुमच्या देशाचे एक जनरल माझ्या घरी येतात. त्याने यंत्र बंद केलं. नाव विचारलं. मी सांगितलं. हातातला बूट बाजूला ठेवून तो म्हणाला, "सेन्योरा, मी त्यांना भेटलो तर चालेल?"

मला वाटलं, त्याला आनंद झाला आहे. मी तुम्हाला मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, आयत्या वेळी बघतील तर किती बरं वाटेल.

संक्रांतीच्या दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आणि संत्र्यांची पिशवी घेऊन आला. तुम्ही खुर्चीतून उठलात, हात पुढे केलात. त्याने आडनाव सांगितलं. तुमचा हात तसाच राहिला आणि मग तुम्ही हळूच खाली बसलात. मी दोघांना तिळगूळ दिला. हे घ्यायचं आणि गोड बोलायचं, जुनी भांडणं विसरायची, असं इंग्रजीत सांगितलंसुद्धा. तुम्ही दोघं स्पॅनिशमध्ये चारपाच वाक्यं बोललात. मग त्याने एक प्रश्न विचारला. तुम्ही म्हणालात, "नो." त्याने तिळगूळ रुमालात बांधला, माझे आभार मानले आणि चहा तसाच ठेवून गेला.

"आई, काय झालं?" नंदिनी आतून आली.

तुम्ही म्हणालात, "तो इलारियोचा धाकटा भाऊ. विचारत होता, माझा भाऊ तुमच्यापर्यंत पोचला होता का? मी नाही म्हटलं. पोचला नव्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने तुम्हाला फसवलं त्याचा भाऊ मी तुमच्यासमोर आणून बसवला. मी तुमची माफी मागितली, जनरलसाहेब. तुम्ही मान हलवून ती घेतलीत.

उन्हाळ्यात पुस्तकाची प्रकरणं ओळीने लावायला मी कार्डं टेबलावर पसरली. घोडीच्या कार्डावर माझ्याच अक्षरात दोन नोंदी एकाखाली एक होत्या. ऑक्टोबर, इलारियोबरोबर गेली. मार्च, जनरल तिच्यावर बसून राजधानीत शिरले. पहिल्या दिवशी तुम्ही राजधानीपासून सुरुवात केली होतीत, म्हणून मला ते आधी दिसलं नव्हतं. तुमच्याही ध्यानात राहिलं नसावं.

पुढच्या मंगळवारी मी विचारलं, "राखाडी घोड्या दोन होत्या का?"

"एकच. तिच्यासारखी दुसरी नव्हती."

"मग इलारियो तिला घेऊन पसार झाला, आणि पाच महिन्यांनी ती तुमच्याकडे कशी?"

तुम्ही चहा ढवळत राहिलात. साखर केव्हाच विरघळली होती.

"तुम्ही टायपिस्ट आहात," तुम्ही म्हणालात. "न्यायाधीश नाही."

"मी मास्तरीण आहे. मुलीच्या निबंधात घोडा हरवला तर मी समासात प्रश्नचिन्ह काढते."

"काढा. तुमच्या शाळेत घोडे नव्हते, फक्त खडू होते."

"खडूसुद्धा आपोआप परत येत नाही, जनरलसाहेब."

तुम्ही टोपी घेतलीत आणि गेलात. सात आठवडे आला नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी दहाला मी टेबल पुसून ठेवायची. श्रीकांत म्हणाला, "आई, लेट इट गो. दुसऱ्यांची वॉर आहे ती." पण मी त्या युद्धातल्या एका माणसाला दोन नातवंडांसमोर गद्दार म्हटलं होतं, आणि तो गद्दार असेलच याची मला आता खात्री नव्हती. मी नागपूरला हवापाण्याची पत्रं लिहायला लागले.

पानगळ सुरू झाल्यावर तुम्ही आलात. कोट काढला नाहीत, बसलाही नाहीत. "घ्या," म्हणालात. मी वही उघडली.

बोलण्याच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या दुय्यम अधिकाऱ्याची चिठ्ठी आली होती. 'पाहुणा उद्या दुपारी पुलावरून येईल. आपली काय इच्छा आहे?' तुम्ही ती वाचलीत, घडी करून खिशात ठेवलीत. चिठ्ठी घेऊन आलेला शिपाई उत्तरासाठी दारात उभा होता. तुम्ही त्याला विचारलंत, "जेवलास का?" तो 'हो' म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मग जा."

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आधी घोडी एकटी परत आली. खोगीर तुम्ही स्वतः उतरवलंत. इलारियोला पुलापाशीच पुरलं, असं तुम्हाला कळवण्यात आलं. घोडी पुढचे पाच महिने तुम्ही कोणाला दिसू दिली नाहीत. आणि तो पळाला ही बातमी तुम्ही पसरू दिलीत, कारण मेलेला इलारियो खाणवाल्यांना एकत्र ठेवील आणि पळालेला फोडील, हे तुम्हाला कळत होतं.

"मी कोणाला मारायचा हुकूम दिला नाही," तुम्ही शेवटी सांगितलंत. "हे वाक्य खरं आहे. एकोणचाळीस वर्षं मी या वाक्यात राहतो आहे. लिहिलंत?"

लिहिलं होतं. मी तेव्हा तुम्हाला बसायला सांगायला हवं होतं. चहा टाकायला हवा होता. एवढं बोलायला तुम्हाला किती बळ लागलं असेल हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त तोमासचा रुमाल दिसत होता, आणि मी मागितलेली माफी.

"हे आधी त्याला सांगा," मी म्हटलं. "तोपर्यंत मी हे पान टाइप करणार नाही."

"छापून आलं की वाचेल."

"त्याच्या आईने मरेपर्यंत मुलाची वाट पाहिली असेल. त्याला हे दुकानात, पुस्तकातून कळायला नको."

"प्रोफेसोरा, तुम्ही कधी कोणाला गप्प राहून शिक्षा केली नाहीत?"

मी म्हटलं, नाही.

ते खरं नव्हतं. आमच्या शाळेत एका मुलीवर कॉपी केल्याचा आळ आला होता. मुख्याध्यापिकेने मला विचारलं, "बाई, तुमचं काय मत?" त्या मुलीने कॉपी केली नव्हती हे मला माहीत होतं. पण जिने केली ती एका मोठ्या घरची होती, आणि मी पुढ्यातल्या वह्या तपासत राहिले. मुलीचं नाव काढून टाकलं. हे मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्या दिवशी कोट काढून बसला असतात असं मला वाटतं. दोघं सारख्याच खुर्च्यांवर बसलो असतो. मी मात्र वर बसून राहिले.

त्यानंतर तुम्ही येत राहिलात. पण आपण पुस्तकाचं दुसरंच काहीतरी करायचो, आणि बारा वाजायच्या सुमाराला त्या पानावर यायचो.

"टाइप केलंत?"

"सांगितलंत?"

एकदा तुम्ही म्हणालात, "हिवाळा संपू दे. मग जाऊ. तुम्ही बरोबर या. एकट्याला तो चामडं कापायच्या रापीने सोलेल, तुमच्यासमोर लाजेल." मी हसले. फेब्रुवारीत बर्फ पडलं तेव्हा, आमच्या पायऱ्यांवर घसरू नये म्हणून तुम्ही घरून डब्यात मीठ घेऊन आलात आणि वाकून वाकून टाकलंत. मी खिडकीतून पाहत होते. खाली येऊन 'राहू द्या' म्हणाले नाही. माझा राग अजून गेला नव्हता.

मग एका मंगळवारी दहाला मी कप मांडले, आणि तुमच्या भाचीचा फोन आला. पहाटे झोपेतच, असं ती म्हणाली.

तुमच्या कबुलीचं ते पान जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या वहीत, मला एकटीला वाचता येणाऱ्या रेघोट्यांत. त्यावर तुमची सही नाही. मी हट्ट केला नसता तर ते टाइप झालं असतं, आणि तुम्ही त्यावर सही केली असतीत. मुलींना आयुष्यभर शिकवलं, की आजचं काम आज करावं.

चर्चमध्ये तोमास आला होता. सगळ्यांत मागे, उभा, टोपी हातात. बाहेर पडताना माझ्यापाशी थांबला.

"आता विचारायला कोणी उरलं नाही, सेन्योरा."

वही माझ्या पर्समध्ये होती. लोक होते, तुमची भाची रडत होती, वारा होता. मी म्हटलं, "थंडी फार आहे, मफलर नीट घ्या." आणि गाडीत जाऊन बसले. श्रीकांतने गाडी सुरू केली, आणि मला तुमचा तो दारात उभा असलेला शिपाई आठवला. 'जेवलास का?' जनरलसाहेब, किती सोपं असतं ते.

त्यानंतर मी पान टाइप केलं. एकही शब्द सुधारला नाही, तुमचं इंग्रजी होतं तसं ठेवलं. खाली लिहिलं, की हे मी तुमच्या तोंडून उतरवून घेतलं आहे, आणि माझी सही केली. काल दुकान उघडायच्या वेळेला गेले.

तोमास एका बुटाची टाच बसवत होता. मी म्हटलं, दार लावून घ्या. त्याने 'बंद'ची पाटी फिरवली आणि स्टुलावर बसला. मी वाचलं. चिठ्ठी, शिपाई, पूल, घोडी. वाचून झाल्यावर मी कागद त्याच्या हातात दिला, आणि उन्हाळ्यापासून मला काय काय ठाऊक होतं आणि मी का थांबले, तेही सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल. ओरडायला हवं होतं.

तो म्हणाला, "आमच्या घराच्या दारावर लोकांनी डांबराने लिहिलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. मी तिला सांगितलं, घराचा नंबर आहे." मग त्याने कागद स्वतः पुन्हा वाचला. "तो सही करायच्या आधी तीन वेळा वाचायचा, हे त्यांच्या पुस्तकात आहे?"

"आहे," मी म्हटलं. "त्यांना तो आवडत होता."

"मलाही," तो म्हणाला.

मुक्ता, ओंकार, तुमच्या आजीने एका निर्दोष माणसाला गद्दार म्हटलं होतं. ते पत्र तुमच्याकडे असेल. त्यात तो शब्द खोडा. जनरल आजोबांचं नाव खोडू नका. त्यांनी जे केलं ते वाईट होतं, आणि ते त्यांनी सांगितलंही. दोन्ही लक्षात ठेवा. मला दोन्ही धरून ठेवायला जड जातं आहे.

जनरलसाहेब, मी उठले तेव्हा तोमासने विचारलं, "पुलाच्या कोणत्या बाजूला?"

मला आधी कळलं नाही.

"पुलाच्या अलीकडे गावाची जमीन आहे," तो म्हणाला. "पलीकडे चिंचोळी वाट आणि नदीचा काठ. त्याला कोणत्या बाजूला पुरलं?"

मी तिथेच उभी राहून वही काढली आणि शॉर्टहँड पुन्हा वाचलं. 'पुलापाशी' एवढंच होतं. घरी येऊन डबा उपडा केला. इलारियोचं, पुलाचं, घोडीचं, त्या अधिकाऱ्याचं, सगळी कार्डं पाहिली. कुठेच नाही. चार महिने आपण दर आठवड्याला त्या पानावर भांडलो. हुकूम दिला की नाही, गप्प राहणं म्हणजे काय, आधी टाइप की आधी सांगणं. तो माणूस कुठे आहे, एवढं मी विचारलं नाही. शाळेतल्या एखाद्या मुलीला नसतं सुचलं, मास्तरणीला सुचायला हवं होतं.

दुकानात मी वही मिटली तेव्हा तोमास म्हणाला होता, "असू द्या. तुम्हाला कसं माहीत असणार." पण त्याने कॅलेंडरचं पान उलटून मे महिना काढला होता. तिथे तेव्हा पाऊस नसतो, वाटा उघड्या असतात, असं म्हणाला. विमानाचं विचारून ठेवणार आहे.

तो अजून धडधाकट आहे. त्याला खणता येईल. कोणत्या बाजूला, जनरलसाहेब?